सीझनिंग आणि एक कोरडा चमचा

इंग्रजी पाककृतीच्या शेवटी एक ओळ हमखास असते. चव बघा आणि सीझनिंग ठीक करा. माझी सगळी नोकरी हॉटेलच्या भटारखान्यात गेली, आणि ही ओळ मी कितीतरी जणांकडून घोकून घेतली. पण सीझनिंग म्हणजे नक्की काय, असं कुणी समोर बसवून विचारलं की आजही माझी तारांबळ उडते. लग्नकार्यात नातेवाईक विचारतात. निवृत्त शेफ म्हटल्यावर याला सगळं ठाऊक असणार असा त्यांचा समज असतो. मी घसा खाकरतो आणि विषय पनीरवर नेतो.

हा गोंधळ मी शिकायला गेलो तेव्हापासूनचा आहे. मी मूळचा चांदवडकडचा, घरी कांद्याची शेती. पोरगा स्वयंपाक शिकायला निघाला म्हणून वडील आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते, म्हणून मी जरा जास्तच मन लावून शिकत होतो. आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, सीझनिंग म्हणजे मीठ. आम्ही वहीत लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात म्हणाले, मिरपूडसुद्धा. मग एकदा सूपमध्ये लिंबू पिळताना म्हणाले, हेही सीझनिंगच. मी हात वर करून विचारलं, मग हिंग? ते म्हणाले, छे, हिंग स्वतःचा वास घेऊन येतो, सीझनिंग पदार्थाचीच चव वर आणतं. मी म्हटलं, सर, लिंबूही स्वतःचा आंबटपणा घेऊनच येतं की. सरांनी उरलेलं लिंबू माझ्या हातात ठेवलं. मग म्हणाले, करता करता कळेल. मी इतकी वर्षं केलं, थोडंफार कळलंही, पण सांगता येत नाही ते नाहीच.

आपल्याकडे हे नाही असं नाही. आपल्या पाककृतीतही 'चवीपुरतं मीठ' असतंच. पण ते मधेच कुठेतरी येतं, हळद-तिखटाच्या शेजारी, आणि 'घालावे' म्हटलं की विषय संपतो. पुन्हा माघारी येऊन बघावे, कमीजास्त झालं असेल तर सुधारावे, असं आपली पाककृती सांगत नाही. घालणारीच्या हातावर तिचा विश्वास असतो. इंग्रजीवाल्यांचा कुणाच्याच हातावर विश्वास नसतो, म्हणून ते शेवटी चमचा घेऊन उभे राहतात. यात बरोबर कोण, यावर मी पुष्कळ विचार केला आहे आणि दरवेळी वेगळ्याच ठिकाणी पोहोचलो आहे.

नव्वदच्या दशकात आमचं हॉटेल वाढलं ते अंबडच्या कारखान्यांमुळे. यंत्रं बसवायला परदेशी इंजिनीअर यायचे आणि महिना-महिना राहायचे. आमच्या शेठनी त्यांच्यासाठी मेनूकार्डावर कॉन्टिनेंटल असं एक पान वाढवलं आणि ते माझ्या गळ्यात घातलं. त्याच सुमाराला एकलहऱ्याच्या कॉलनीतल्या एक बाई मासिकातलं कात्रण घेऊन काउंटरवर आल्या. त्यांना सीझनिंग हवं होतं. मेन रोडच्या सगळ्या किराणा दुकानांत विचारून झालं होतं आणि एका दुकानदारानं त्यांना खाण्याचा सोडा दिला होता. मी त्यांना मीठ आणि मिरपूड एका पुडीत बांधून दिली. त्यांनी पुडी उघडून बघितली, वास घेतला आणि म्हणाल्या, हे तर माझ्या घरीही आहे. मी म्हटलं, हेच ते. त्या आभार मानून गेल्या, पण खरी वस्तू मी दडवून ठेवली असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

पुढं दोन हजारनंतर पिझ्झाबरोबर छोट्या पुड्या यायला लागल्या, त्यांच्यावर चक्क 'सीझनिंग' असंच छापलेलं. माझी पुतणी ती पुडी नाचवत मला म्हणाली, काका, सीझनिंग म्हणजे हे. आत वाळलेला पाला आणि लाल मिरचीचे तुकडे. मी सरांचं सगळं पुराण तिला ऐकवलं. ती शांतपणे म्हणाली, पण इथं लिहिलंय ना. लिहिलेलं होतं खरं.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना सांगायला हवी. हॉटेलात मीठ मापानं घालून भागत नाही. आजचा टोमॅटो कालच्यापेक्षा आंबट निघतो. रस्सा आटला की तेच मीठ जास्त होतं, बटाटा पडला की कमी होतं. पातेलं मोठं असलं की अंदाज आणखी चुकतो. म्हणून पदार्थ बाहेर जाण्याआधी चाखायचाच. पळीतून चमच्यात घ्यायचं, चमचा तोंडाला लावायचा, आणि तो चमचा पुन्हा पातेल्याकडे न्यायचा नाही, सरळ धुवायला टाकायचा. मी माझ्या भटारखान्यातल्या प्रत्येकाला एकेक स्टीलचा चमचा दिला होता. तो एप्रनच्या खिशात असलाच पाहिजे असा माझा दंडक होता, आणि चाखल्याशिवाय पदार्थ बाहेर पाठवणारा स्वयंपाकी जेवणाऱ्याचा अपमान करतो, हे माझं ठरलेलं वाक्य. पोरं मागं माझी नक्कल करायची.

सगळा भटारखाना ज्यांना काकू म्हणायचा त्या बाई आमच्या हॉटेलात आल्या महाराष्ट्रीय थाळीसाठी. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. त्याआधी त्या पंचवटीत, बाहेरगावाहून दशक्रिया-श्राद्धाच्या विधींसाठी येणाऱ्या लोकांचा सोवळ्यातला स्वयंपाक करायच्या. त्यांचे यजमान वारले, पाठोपाठ मुलगा कामाला होता तो अंबडचा कारखाना बंद पडला आणि तो घरी बसला. विधींचा स्वयंपाक रोज असतोच असं नाही, म्हणून काकूंनी हॉटेलची नोकरी धरली. घर त्यांच्यावर चालत होतं हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मांसाहाराच्या बाजूला त्या फिरकायच्या नाहीत आणि आम्हीही त्यांचा कोपरा वेगळा ठेवला होता. दुपारचं त्या आमच्याबरोबरच जेवायच्या, सगळी गिऱ्हाइकं आटोपल्यावर, आपल्याच पातेल्यातली आमटी आणि भात.

त्यांच्या आमटीला गिऱ्हाईक होतं. पण काही आठवड्यांनी माझ्या ध्यानात आलं की त्यांचा चमचा कायम कोरडा असतो. कमरेला खोचलेला असायचा, चकचकीत, दागिन्यासारखा. त्या कधी चाखतच नव्हत्या. मीठ मुठीत घ्यायच्या, एकदा पातेल्याकडे बघायच्या आणि घालून मोकळ्या व्हायच्या. मी मात्र सवयीप्रमाणे सगळ्यांची पातेली चाखत फिरायचो, आणि काकूंची आमटी बहुतेक दिवशी जराशी अळणी लागायची. फार नाही, थोडीशीच. त्या पोळ्यांकडे वळल्या की मी चिमूटभर मीठ टाकून ढवळायचो आणि पुढं जायचो. वयानं मोठी बाई, तिला चार लोकांत काय सांगायचं? शिवाय ते माझं कामच होतं. काकूंना वाटायचं आपला हात बसलेला आहे, गिऱ्हाइकांनाही तसंच वाटायचं, आणि भटारखाना सुरळीत चालू होता.

मग माझ्या बहिणीचा साखरपुडा निघाला आणि मी दोन दिवस चांदवडला गेलो. नेमकं त्याच वेळी एका कारखान्याच्या मालकांच्या घरचं जेवण आमच्या हॉलमध्ये होतं, चांगली नामांकित मंडळी. काकूंनी बटाट्याच्या रश्श्यात मीठ घातलं आणि कुणीतरी हाक मारली म्हणून त्या कोठीत गेल्या. शेजारच्या शेगडीवर आमचा रामदास होता, सुरगाण्याकडचा, मन लावून काम करणारा. घाई उडालेली, त्याला वाटलं मीठ राहिलंय, म्हणून त्यानंही घातलं. काकू परत आल्या, रस्सा ढवळला आणि हॉलमध्ये पाठवला. पाहुण्यांनी पहिल्या घासालाच ताटं बाजूला सारली. यजमान आत येऊन शेठना इतकं बोलले की शेठ दुसऱ्या दिवशीपर्यंत कुणाशी बोलले नाहीत.

मी परतलो तेव्हा रामदास दारातच भेटला. त्यानं आधीच सगळ्यांसमोर कबूल केलं होतं. "शेफ, म्याच टाकलं मीठ. मला काय म्हाईत काकूंनी टाकलंय ते. पण त्यांनी नुसतं जिभेला लावून पाह्यलं असतं तरी कळलं असतं ना." त्याचं म्हणणं बरोबर होतं. मॅनेजरनंही तेच धरलं. त्याचं म्हणणं असं, की चूक दोघांची, पण चमचा जवळ ठेवून न वापरणारी एकच. सोमवारपासून काकूंनी त्याच्यासमोर प्रत्येक पातेलं चाखायचं, नाहीतर दुसरीकडे काम बघायचं. शेठचा त्याला पाठिंबा होता. काकूंना समजवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

मी काकूंना कोठीत बसवलं आणि माझं नेहमीचं व्याख्यान सुरू केलं. चमचा वेगळा असतो, तोंडाला लागलेला पुन्हा आत जात नाही, त्यामुळे काही उष्टं होत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"चमच्याचं नाही हो भाऊ," त्या म्हणाल्या. "जेवायला येणाऱ्याच्या आधी मी खायचं? पहिला घास त्याचा असतो. देवाचा, नाहीतर पाहुण्याचा. माझा कसा असेल?"

मी म्हटलं, हा घास नाही, ही तपासणी आहे. त्या म्हणाल्या, तोंडात गेलं की घासच. मी म्हटलं, न चाखता वाढणं हा पाहुण्याचा अपमान आहे. त्या म्हणाल्या, चाखून वाढणं हा अपमान आहे. दोघंही पाहुण्याचा मान राखायला निघालो होतो आणि दोन उलट्या दिशांना उभे होतो. मी शेवटी त्यांच्या मुलाचं नाव काढलं आणि सोमवारची अट सांगितली. ते नाव काढल्याचं मला वाईट वाटलं, पण नोकरी जाणं त्याहून वाईट झालं असतं.

तोडगा शेवटी त्यांनीच काढला. कोठीत देवाचा एक फोटो होता. प्रत्येक पदार्थाची वाटी आधी त्या फोटोसमोर ठेवायची, नैवेद्य दाखवायचा, मग त्यातलंच चमचाभर तोंडात घालायचं. पहिला घास देवाचा झाला, आपण खाल्ला तो प्रसाद. मला हे इतकं पटलं की मी ताबडतोब मॅनेजरला सांगितलं, आणि तो हसला तरी हो म्हणाला. पण अर्ध्या तासानं काकू पुन्हा माझ्याकडे आल्या. चेहरा काळजीचा.

"भाऊ, प्रसाद चाखला आणि मीठ कमी निघालं तर? म्हणजे देवाला अळणी दाखवलं की."

हॉटेलचे अभ्यासक्रम लिहिणाऱ्यांनी या प्रश्नाचा विचार केलेला नाही. मी म्हटलं, मीठ घालून पुन्हा दाखवा. त्या म्हणाल्या, मग पहिल्यांदा दाखवलेल्याचं काय? मी म्हटलं, ती देवानं केलेली तपासणी समजा. हे त्यांना पटलं की नाही कळलं नाही. मलाही ते पटलं होतं की नाही, कळलं नाही. पण सोमवार उजाडला आणि काकू नेहमीच्या वेळेला कामावर आल्या.

त्या दिवशी सगळ्या भटारखान्याचं लक्ष त्यांच्या कोपऱ्याकडे होतं. मॅनेजर हात मागं बांधून उभा होता. रामदासनं उगीचच आपली शेगडी बारीक केली होती. मी मुद्दाम लांब उभा राहिलो, पातेल्याला हात लावायचा नाही असं ठरवून, कारण आज मी चिमूट टाकली असती तर परीक्षेला अर्थ उरला नसता. काकूंनी आमटीला उकळी आणली, मीठ मुठीत घेऊन नेहमीसारखं घातलं, वाटीत काढून कोठीत नेली, डोळे मिटले. परत आल्या तेव्हा कमरेचा चमचा हातात होता. त्यात वाटीतली आमटी घेतली आणि तोंडात घातली.

मीठ कमी निघेल हे मला माहीत होतं. त्या ओळखतील का, याचीच मला धास्ती होती. चाखायची सवय नसलेल्या माणसाला गरम आमटीचं काहीच कळत नाही, नवी पोरं महिना-महिना चुकतात. त्यांनी 'बरोबर आहे' म्हटलं असतं आणि मॅनेजरनं मागोमाग चाखलं असतं तर नोकरी गेली होती.

काकूंनी चमचा खाली ठेवला. "मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या. चिमूट घातली, ढवळलं, दुसरी वाटी काढून कोठीत नेली, चमचा धुवून पुन्हा चाखलं. मग मॅनेजरकडे वाटी सरकवली. त्यानं चाखलं, मान हलवली आणि गेला. रामदासनं शेगडी मोठी केली. मी त्यांचं कौतुक करायला जवळ गेलो.

काकू हलल्या नव्हत्या. पातेल्याकडेच बघत होत्या.

"पहिल्या चमच्याला लागली तशी अळणी आमटी मी इथं कधी जेवले नाही," त्या म्हणाल्या. "रोज दुपारी जेवते ना मी हीच आमटी. मीठ आज घातलं तेवढंच रोज घालते. मग रोज बरोबर कशी लागते?"

मी इकडेतिकडे बघितलं. खोटं बोलायची ती वेळ होती असं मला अजूनही अधूनमधून वाटतं. पण त्या इतक्या सरळ बघत होत्या की मला जमलं नाही. मी म्हटलं, काकू, मी सगळ्यांचीच पातेली बघतो, थोडंफार कमीजास्त करतो, ते माझं कामच आहे.

मला वाटलं, रागावतील. नाहीतर हसतील. त्या तसं काहीच न करता बराच वेळ पदराच्या टोकानं चमचा पुसत राहिल्या. पुसून झाला तरी पुसत होत्या.

"इथं आल्यापासून मला घरची आमटी अळणी लागायला लागली होती," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, घरचं पाणी तसं आहे."

मी म्हटलं, होतं असं, एवढं मनावर घेऊ नका, थोडंसंच तर कमी असतं.

"इथं तुम्ही होता भाऊ," त्या म्हणाल्या. "घरी नव्हता."

मला पटकन कळलं नाही. मग त्या सांगायला लागल्या, माझ्याकडे न बघता, शेगडी पुसत. म्हणाल्या, आमच्याकडे आधी नैवेद्य, मग पुरुषांची पंगत, मग मुलं, आणि मी सगळ्यात शेवटी. मी पहिला घास घ्यायची तेव्हा पातेल्यात सुधारायला काही उरलेलंच नसायचं. आणि तोवर माझीही जीभ त्याच चवीला बसली होती, मला काही वेगळं वाटायचं नाही. पंचवटीत जेवायला येणारे तर दुःखातले लोक, ते मीठ बघायला थोडेच येतात.

त्यांनी हातातलं फडकं पिळून दोरीवर टाकलं.

"हे जेवायला बसले की पानातलं मीठ संपायचं, आणि ते पुन्हा मीठ वाढ म्हणायचे. रोज. मी वाढायची. त्यांना मिठाची आवड आहे, असं मी सगळ्यांना सांगत आले."